अ‍ॅमीटरची तार

या मालिकेत आपण किल्ले फिरलो, जुने रस्ते शोधले, नाण्यांवरून भांडलो. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, ताई, हा इतिहास कसला? विषय आहे एका जुन्या शिडाच्या बोटीच्या इंजिनाची वायरिंग. पण मी सांगते, एका तारेत जवळजवळ शंभर वर्षं गुंडाळलेली असतात, आणि ती उलगडली नाहीत तर माणूस समुद्रात अडकतो. मी अडकले होते, म्हणून सांगते.

आम्ही इंदूरचे. समुद्र आमच्याकडे सिनेमात असतो. माझे मामा मात्र मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होते, निवृत्त होऊन कोचीला स्थायिक झाले. तिथे त्यांनी एका परदेशी जोडप्याने मागे टाकलेली बत्तीस फुटी बोट विकत घेतली. फायबर ग्लासची, 1980 च्या आसपास बांधलेली, एक डोलकाठी, दोन शिडं आणि पोटात एक छोटं डिझेल इंजिन. मामींचं मत पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं: "ही सवत बोलगट्टीला ठेवा, घरी तिचं नाव नको." मी दर मार्चमध्ये सुट्टीला जाते. त्या मार्चमध्ये मामा म्हणाले, "चल, तुला गटाबाहेर फिरवून आणतो."

गट म्हणजे कोची बंदराचं तोंड. एका बाजूला फोर्ट कोची आणि तिथली ती चिनी जाळी, दुसऱ्या बाजूला वायपिन. मधून वल्लारपाडमला जाणारी कंटेनरची जहाजं ये-जा करतात आणि दोन काठांमधली फेरी सतत आडवी जात असते. संध्याकाळी परत येताना वारा पडला. ओहोटी लागली होती, सगळं बॅकवॉटर समुद्राकडे धावत होतं. म्हणून इंजिन लावून आत शिरत होतो. मी सुकाणूपाशी बसले होते. समोरच्या पॅनलवर चार घड्याळं, त्यातल्या एकाचा काटा इतका वेळ थरथरत होता, तो एकदम शून्यावर जाऊन पडला. मी मामांना म्हटलं, "हे बंद पडलं वाटतं." त्यांनी उत्तर द्यायच्या आत वास आला. जळक्या प्लास्टिकचा. मग खालच्या पायरीमागून धूर.

मामांनी खाली उडी मारली. नंतर त्यांनी मला समजावलं की त्या क्षणी त्यांच्यापुढे दोनच रस्ते होते. बॅटरीचा मुख्य स्विच बंद करायचा, म्हणजे तारांत वीज उरणार नाही आणि आग पेटणार नाही. पण या इंजिनाला डिझेल पोचवणारा छोटा पंप विजेवर चालतो. वीज गेली की पंप गेला, पंप गेला की दोन-चार मिनिटांत इंजिन उपाशी मरणार, ते नेमकं गटाच्या तोंडात. फायबर ग्लास एकदा पेटलं की विझवणं फार कठीण. त्यांनी स्विच बंद केला. इंजिन थोडा वेळ चाललं, खोकलं आणि थांबलं. त्यानंतरची शांतता मला अजून आठवते. पाणी बोटीला मागे ओढत होतं आणि मागून एका मोठ्या जहाजाचा भोंगा वाजला.

पुढचं शीड उघडून, उरल्यासुरल्या वाऱ्यावर कसंबसं वाटेच्या कडेला सरकलो आणि नांगर टाकला. भरती सुरू झाल्यावर, रात्री, मासेमारीच्या एका वळ्ळमने दोरी लावून आत नेलं. त्या तिघांनी पैसे घेतले नाहीत. एकाने टॉर्च मारून इंजिनाकडे पाहिलं, मल्याळममध्ये काहीतरी बोलला आणि सगळे हसले. मामांनी भाषांतर करायला नकार दिला.

दुसऱ्या दिवशी इंजिनाचं झाकण काढलं. इंजिनाच्या तारांचा जुडगा आणि पॅनलच्या तारांचा जुडगा जोडणारा एक गोल प्लग होता, मोटारीमागच्या ट्रेलरला असतो तसा. एके काळी पांढरा असावा. आता तपकिरी, एका बाजूने वितळलेला, आणि आतल्या दोन पिना कोळशासारख्या. मामा म्हणाले, "प्लग बदलून टाकू." मी विचारलं, "पण हाच का जळला? बाकी सहा पिना धड आहेत." इतिहासाच्या माणसाला हा प्रश्न पडतोच. मामा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ती अ‍ॅमीटरची तार आहे." आणि तिथून मी जी वाचत सुटले, ती गोष्ट आता सांगते.

सुरुवात मोटारीपासून करावी लागते. पूर्वी मोटार सुरू करायला पुढून हँडल मारावं लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगटं मोडायची. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेला विजेचा स्टार्टर आला आणि बटण दाबून इंजिन सुरू होऊ लागलं. पण स्टार्टर आला म्हणजे बॅटरी आली, आणि बॅटरी आली म्हणजे ती भरणारा डायनॅमो आला. बॅटरी भरते आहे की रिकामी होते आहे हे चालवणाऱ्याला कळावं म्हणून समोर अ‍ॅमीटर बसवला. अ‍ॅमीटरचा स्वभाव लक्षात घ्या, कारण सगळी गोम तिथे आहे. जी वीज मोजायची ती सगळी त्याच्यामधून जावी लागते. नळाच्या पाण्याचा मीटर जसा नळाच्या वाटेतच बसतो, तसा. मोटारीत इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यात हातभर अंतर, डायनॅमो वीस-तीस अँपिअरचा. काही बिघडत नव्हतं.

बोटींनी हे सगळं मोटारींकडून जसंच्या तसं उचललं. अमेरिकेत युनिव्हर्सल कंपनीचं अ‍ॅटॉमिक फोर नावाचं पेट्रोल इंजिन 1947 पासून 1985 पर्यंत बनत होतं, चाळीस हजारांहून जास्त बनली, आणि दोन पिढ्यांच्या शिडाच्या बोटींत तेच असायचं. त्याची वीजव्यवस्था पाहिली तर ती त्या काळच्या मोटारीचीच. किल्ली तशी, स्टार्टर तसा, अ‍ॅमीटर तसा. फरक एवढाच की मोटार रात्री गॅरेजमध्ये झोपते आणि बोट खाऱ्या हवेत.

मग 1960 च्या सुमारास दोन गोष्टी एकदम घडल्या. पहिली: सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले आणि डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला. क्रायस्लरने 1960 साली व्हॅलियंट मोटारीत तो दिला, पाठोपाठ सगळ्यांनी. अल्टरनेटर कमी वेगावरही भरपूर वीज देतो. वीस-तीस अँपिअरचे चाळीस, पन्नास आणि पुढे त्याहून जास्त झाले. मोटारवाल्यांनी हळूहळू अ‍ॅमीटर सोडला, कोणी लाल दिवा लावला, कोणी व्होल्टमीटर. बोटवाल्यांनी मात्र अ‍ॅमीटर धरून ठेवला. का? मला वाटतं, बोटीवरच्या माणसाला तो काटा बघायची सवय होती आणि कारखान्याला पॅनलची भोकं बदलायची नव्हती. इतिहासात अर्ध्या गोष्टी अशाच टिकतात, कोणी ठरवून ठेवलेल्या नसतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि ती कोणी विजेशी जोडत नाही. बोटी फायबर ग्लासच्या झाल्या. 1959 साली न्यूयॉर्कच्या बोटींच्या प्रदर्शनात पिअर्सन ट्रायटन नावाची अठ्ठावीस फुटी बोट आली आणि मध्यमवर्गीय माणसाला परवडणाऱ्या शिडाच्या बोटींची लाट सुरू झाली. लाकडाची बोट कुजते, तिला कीड लागते, नीट निगा नसेल तर ती मालकाच्या आधी जाते, आणि तिच्याबरोबर तिच्या तारा जातात. फायबर ग्लास कुजत नाही. साठ-साठ वर्षांची हाडं अजून टणक आहेत. म्हणजे इतिहासात पहिल्यांदाच असं झालं की बोटीचं शरीर तिच्या नसांपेक्षा तिप्पट जगू लागलं. "जुन्या बोटीची वायरिंग बदलणे" हा उद्योगच मुळात त्यातून जन्माला आला. आधी तो प्रश्न पडायला बोट शिल्लक राहात नसे.

इथे जरा मुंबईत येऊ. कारण लाकडी बोटीचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण आपल्या कुलाब्यात बांधलेलं आहे. सुहेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होते. त्यांनी कुलाबा वर्कशॉपमध्ये सागवानी लाकडात ही बत्तीस फुटी बोट बांधून घेतली, इथल्या सुतारांकडून, हाताच्या हत्यारांनी. 1964 साली ती पाण्यात उतरली. 14 जून 1968 रोजी ते फाल्मथहून एकटे निघाले आणि 22 एप्रिल 1969 रोजी, 312 दिवसांनी, कुठेही न थांबता पृथ्वी फिरून परत तिथेच आले. त्या शर्यतीत नऊ जण निघाले होते, पूर्ण करणारे हे एकटे.

या गोष्टीत सगळे वादळांबद्दल बोलतात. मला त्यातली वीज आवडते. त्यांच्याकडे बॅटऱ्या भरायला एक छोटं पेट्रोलचं चार्जिंग इंजिन होतं. ते बिघडलं. ठिणगीची फट ठरावीक मापाची लागते, आणि मोजायची पट्टी सापडेना. तेव्हा त्यांनी पुस्तकाची पानं मोजली. एक इंच जाडीत दोनशे पानं, म्हणजे एक पान इंचाचा दोनशेवा भाग. हव्या तेवढ्या जाडीची पानं घेऊन फट लावली. मामांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले, म्हणाले, "हा इंजिनिअर नव्हता, पण असायला हवा होता." पुढे त्यांचा रेडिओचा ट्रान्समीटर मात्र गेलाच. न्यूझीलंड सोडल्यानंतर नोव्हेंबर ते एप्रिल जगाला त्यांचा पत्ता नव्हता. बोट उत्तम, माणूस उत्तम, शिडं चालू. गेली ती फक्त वीज.

(जाता जाता: सुहेलीची प्रतिकृती थुरिया पुढे गोव्यात दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. म्हादेई तिथलीच, जिच्यावरून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वी फिरले आणि 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी न थांबता. त्यावर वेगळा भाग करायचा आहे.)

आता परत आमच्या जळक्या प्लगकडे. मामांनी कागदावर गणित मांडलं आणि मला वाटतं हा सगळ्या भागाचा गाभा आहे, म्हणून थोडं सावकाश सांगते. अल्टरनेटर इंजिनावर, मागच्या बाजूला पॅनल. अल्टरनेटरची सगळी वीज एका तारेने प्लगमधून पॅनलपर्यंत जाते, अ‍ॅमीटरमधून फिरते आणि दुसऱ्या तारेने, पुन्हा त्याच प्लगमधून, बॅटरीकडे येते. बॅटरी अल्टरनेटरपासून हातभर अंतरावर. म्हणजे शेजारच्या घरी जायला गावाला वळसा. जाऊन-येऊन आठ-नऊ मीटर तार. चाळीस अँपिअर वाहिले तर नुसत्या तारेतच सुमारे एक व्होल्ट खर्च होतो. बारा व्होल्टच्या संसारात एक व्होल्ट म्हणजे फार. मामा तीन वर्षं बॅटऱ्यांना नावं ठेवत होते की भरत नाहीत. बॅटऱ्यांचा दोष नव्हता.

हे झालं धड तारेचं. आता प्लगची पिन घ्या. खाऱ्या हवेने तिच्यावर हिरवी पुटी चढते. पुटीमुळे विजेला अडथळा होतो. समजा, तो अडथळा एका ओहमचा विसावा भाग झाला. ऐकायला काहीच नाही. पण चाळीस अँपिअर त्यातून गेले तर ऐंशी वॅट उष्णता तयार होते. घरी रेडिओ दुरुस्त करायला जी सोल्डरिंगची इस्त्री वापरतात ती पुष्कळदा याहून कमी वॅटची असते. आणि ही इस्त्री प्लास्टिकच्या प्लगमध्ये, इंजिनाच्या बंद खोलीत, तासन्‌तास चालू. गरम झालं की पिन ढिली होते, ढिली झाली की अडथळा वाढतो, वाढला की आणखी गरम. मध्येच जोड तुटला तर अल्टरनेटरला बॅटरीच दिसत नाही, व्होल्टेज उसळतं आणि त्याचे डायोड उडतात. आमचे उडाले होते.

गंमत म्हणजे हे काही आमचंच नशीब नव्हतं. त्या पिढीतल्या किती तरी बोटींची रचना अशीच होती, आणि किती तरी मालकांना तो तपकिरी प्लग सापडला आहे. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल ही 1954 साली स्थापन झालेली संस्था बोटींच्या वायरिंगचे नियम ठरवते, तिचे नियम वाचले की प्रत्येक ओळीमागे कोणाची तरी जळालेली बोट असावी असं वाटत राहातं. उदाहरण द्यायचं तर बॅटरीची ऋण तार. पूर्वी ती काळी असे. आता पिवळी चालते, किंबहुना तीच बरी मानतात. कारण अमेरिकेत घरच्या विजेची जिवंत तार काळी असते. किनाऱ्यावरची वीज बोटीत आली, दोन काळ्या तारा शेजारी आल्या, आणि चुकीच्या तारेला हात लागण्याचा धोका तयार झाला.

मग ठरलं की प्लग बदलायचा नाही, सगळंच बदलायचं. मामांनी कलूरहून मोटारीचं वायरिंग करणाऱ्या एका चेट्टांना आणलं. चेट्टा म्हणजे दादा. हाताला उत्तम, पण ते मोटारीची साधी तांब्याची तार घेऊन आले. मामा म्हणाले, नाही, कल्हईची हवी. मी दचकलेच. कल्हई? पण खरोखर तीच. समुद्रावरच्या तारेत केसासारखे बारीक तंतू असतात आणि प्रत्येक तंतूवर कथलाचा मुलामा असतो. आपल्या आजीच्या पातेल्यांना जो होता तोच. आमच्या जुन्या तारेचं वेष्टण चेट्टांनी दोन इंच सोललं, आतलं तांबं काळं. आणखी सोललं, काळं. हातभर सोललं तरी काळंच. खारं पाणी टोकाकडून वातीसारखं आत चढत गेलं होतं. वेष्टण बाहेरून नवीन दिसत होतं.

दुसरा वाद डाकावरून झाला. चेट्टांचा आग्रह की जोड डाक देऊनच पक्का करायचा. मामांचा आग्रह की टोपी घालून दाबायची, क्रिम्प करायची. मी त्रिशूरच्या एका ओळखीच्या गलाईवाल्यांना फोन केला. आपल्या सांगलीकडची, खानापूर-आटपाडीची ही मंडळी भारतभर सोनं गाळतात हे तुम्हाला माहीतच आहे. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला: डाक जिथे संपतो तिथे तार ताठ होते आणि हलली की तिथेच तुटते. इंजिन तर दिवसभर थरथरतं. नियमही तेच सांगतो की नुसत्या डाकावर जोड टांगू नये. चेट्टांनी ऐकलं, पण नाराज झाले. दुपारचा चहा त्यांनी आमच्याकडे पाठ करून घेतला.

काम चार दिवस चाललं. पहिला बदल सगळ्यात सोपा आणि सगळ्यात मोठा: अ‍ॅमीटर काढला. त्याच्या जागी व्होल्टमीटर. व्होल्टमीटर वाटेत बसत नाही, बाजूला उभा राहून बघतो, त्याला केसाएवढी वीज पुरते. अल्टरनेटरची जाड तार सरळ बॅटरीकडे, वाटेत फ्यूज, तोही बॅटरीच्या जवळात जवळ. दोन्ही गोल प्लग कापून फेकले, जागी स्क्रूच्या पट्ट्या. सकाळी इंजिन गरम करणाऱ्या ग्लो प्लगची वीजही पूर्वी किल्लीतून फिरून यायची. आता इंजिनाशेजारी रिले आहे, किल्ली फक्त रिलेला हुकूम करते. तारांचे रंग नियमाप्रमाणे: इग्निशन जांभळी, स्टार्टर पिवळी-लाल, तेलाच्या दाबाची फिकी निळी. मी खाली अंग चोरून बसले होते, टॉर्च धरून. माझं योगदान एवढंच, आणि एकदा पाना पाण्यात पाडला.

चौथ्या दिवशी मामी आल्या. पहिल्यांदाच. डबा घेऊन. पायरीवर उभ्या राहून त्यांनी विचारलं, "आता पेटणार नाही ना हो?" मामांनी किल्ली फिरवली. तीन वर्षांत इंजिन कधी पहिल्या झटक्यात लागलं नव्हतं. या वेळी मामींचं वाक्य पुरतं संपायच्या आत लागलं. व्होल्टमीटरचा काटा साडेबारावरून चढत चौदाच्या जरा पुढे जाऊन थांबला. चेट्टांनी पॅनलला हात लावून बघितला, गार होता. मग प्रत्येक जोडाला हात लावत ते खालपर्यंत गेले.

निघताना मामांनी नवीन वायरिंगचा नकाशा काढून इंजिनाच्या झाकणाच्या आत चिकटवला. बोट पुढे कोणाच्या हाती जाईल कोण जाणे, त्याला कळायला हवं. तारांची नावं त्यांनी मराठीत लिहिली, सवयीने. चेट्टांनी त्याखाली मल्याळममध्ये लिहिली. इंग्रजीत लिहायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

पाण्याच्या तापमानाचा काटा मात्र अजून हलत नाही. तार नवी आहे, बहुतेक इंजिनावरचा सेंडर गेलाय. तो कोइंबतूरहून यायचा आहे.